ओव्हाळ बाईंची वहीतुला

कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत सुमती ओव्हाळ बाईंनी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. या काळात त्यांनी मुलींना उशिरा येण्याबद्दल माफ केलं, गृहपाठ विसरण्याबद्दल माफ केलं, एकदा तर प्रयोगशाळेचा पडदा पेटवल्याबद्दलही माफ केलं. पण रीडिंग जुळवणारीला माफी नव्हती. प्रयोगात खरा आलेला आकडा न लिहिता पुस्तकात दिलेला आकडा लिहिणं, याला शाळेत रीडिंग जुळवणं म्हणतात आणि महाराष्ट्रातली निम्मी प्रॅक्टिकल्स त्याच्याच कृपेनं पार पडतात. ओव्हाळ बाईंकडे ते चालत नसे. पाणी उकळायच्या प्रयोगात शाळेचा जुना थर्मामीटर अठ्ठ्याण्णवला थांबायचा, मुली बिनदिक्कत शंभर लिहायच्या आणि बाई ती वही थेट व्हरांड्यात भिरकावायच्या. "अठ्ठ्याण्णवला उकळलं ना? मग अठ्ठ्याण्णव लिही. थर्मामीटर खोटा निघाला तर निघू दे, तू खोटी निघू नकोस." कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत संसार करणाऱ्या कितीतरी बायकांना हे वाक्य अजून पाठ आहे.

तर अशा या बाईंच्या डोंबिवलीच्या घरात वजनाचा काटा गोधडीवर ठेवलेला असे.

काटा आणला होता मुलानं, सम्यकनं. त्याला जिमचं वेड. त्यानं तो रीतसर फरशीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याखाली चौघडी केलेली गोधडी.

"आई, हा कडक जमिनीवर ठेवायचा असतो. मऊ जागी कमी दाखवतो."

"मला नको शिकवूस. फरशी गार लागते पायाला."

"अगं, पाय काट्यावर असतात. फरशीवर कुठे?"

"तुला उशीर होतोय. निघ."

सम्यक निघाला आणि गोधडी राहिली. त्या गोधडीवर बाईंचं वजन अडुसष्ट भरायचं. त्याहून जास्त ते कधी भरलं नाही, कारण भरायला लागलं की बाई आणखी एक घडी घालायच्या. सगळा भाग नववीच्या अभ्यासक्रमातलाच होता, त्यामुळे त्यांना काही नवीन शिकावं लागलं नाही.

खरं सांगायचं तर बाई काही जन्मजात जाड नव्हत्या. पन्नाशीपर्यंत अंगानं भरलेल्या म्हणाव्यात इतपतच. "पाळी गेली आणि पोट आलं," असं त्या स्टाफरूममध्ये स्वच्छ सांगायच्या, कारण शास्त्राच्या बाईंनी लाजायचं नसतं. मग सुरू झाले उपाय. सकाळी लिंबूपाणी, त्यानंतर जिऱ्याचं पाणी, त्यानंतर मेथीचं पाणी. पाण्याचे इतके प्रकार पोटात गेल्यावर नाश्त्याला काहीतरी घट्ट लागायचंच. संध्याकाळी बागेत चार फेऱ्या, आणि बागेच्या फाटकाशी वडापावची गाडी. गाडीवाल्याची मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी, तिला नाही कसं म्हणायचं? नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, तीन वेळा रेटून जेवणारा, आणि अंगाला तिळाएवढं लागेल तर शपथ. त्याच्याकडे बघून बाईंचा जीव जळायचा.

शेवटी बाईंनी शास्त्राचाच आधार घेतला. "हे आनुवंशिक आहे," त्या म्हणू लागल्या. दहावीला आनुवंशिकतेचा धडा त्या अशा रंगवून शिकवायच्या की मुलींना वाटाण्याची उसळ खाताना मेंडेल आठवायचा. आता तोच मेंडेल त्यांनी कामाला लावला. पोहे दुसऱ्यांदा घेताना, जिन्यावर धाप लागल्यावर, ब्लाउज उसवायला दिल्यावर, प्रत्येक वेळी, "काय करणार, आमच्या रक्तातच आहे."

अडचण एवढीच होती की हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली बाईंच्या आईवडिलांचा फोटो लावलेला होता. वडील सीताराम, ज्यांना बाई दादा म्हणायच्या, आणि आई शकू, दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांच्या गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. सम्यक एकदा त्या फोटोकडे बघून म्हणाला, "आई, तुझं आनुवंशिक नक्की कुठून आलं गं? कुरिअरनं?" बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

म्हणूनच उर्वीचा फोन आला तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. उर्वी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता ठाण्यात डॉक्टर. पाळी गेलेल्या बायकांचं वजन आणि त्यांचे जीन यांचा ती अभ्यास करत होती आणि तिला रक्त द्यायला बायका हव्या होत्या. "बाई, तुम्ही याल?" तिनं भीत भीत विचारलं. बाई नुसत्या आल्या नाहीत, स्टाफरूममधल्या आणखी दोघींना धरून घेऊन आल्या. सोबत फरसाणाचा मोठा डबा.

रक्त घेण्याआधी वजन झालं. उर्वीच्या खोलीत फरशी होती, फरशीवर पोलादी काटा होता, आणि गोधडी कुठेच नव्हती. काट्यानं पंच्याऐंशी दाखवलं.

"तुझं मशीन पुढे आहे," बाई म्हणाल्या.

"कालच तपासून घेतलंय, बाई." उर्वीनं आकडा लिहिला. जसा आला तसा. बाईंनीच तिला तसं शिकवलं होतं.

रिपोर्टला वेळ लागणार होता. मधल्या काळात बाईंची निवृत्ती आली आणि दर्शनाचा फोन आला. दर्शना म्हणजे बाईंच्या हाताखाली शिकून त्याच शाळेत लागलेली मराठीची शिक्षिका. उत्साह असा की तिच्यासमोर उभं राहिलं तरी दमायला व्हावं.

"बाई, आम्ही सगळ्या जुन्या मुलींनी ठरवलंय. तुमची तुला करायची."

"मला नाही चालणार हं. पेढे, गूळ, लाडू असलं काही मी करून घेणार नाही."

"पेढे नाही हो बाई. वह्या! तुमच्या वजनाएवढ्या वह्या, आपल्याच शाळेतल्या मुलींना."

इथे बाई सापडल्या. हार-फुलं नकोत, त्याऐवजी वही-पेन आणा, हे त्यांच्या वस्तीनं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. दर चौदा एप्रिलला त्या स्वतः हेच सगळ्यांना सुनवायच्या. वहीला नाही म्हणायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं.

"तर बाई, वह्या आधी मागवायला लागतील. आपलं वजन किती?"

समोर फोटोतून आई आणि दादा बघत होते.

"अडुसष्ट," बाई म्हणाल्या.

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ओव्हाळ बाईंनी दुसऱ्याला रीडिंग जुळवून दिलं. गोधडीवरचा आकडा घरातला होता, स्वतःशी होता. हा आता शाळेत गेला. फोन ठेवल्यावर त्यांना लख्ख दिसलं, की भर पटांगणात, आपण ज्यांच्या वह्या भिरकावल्या त्या सगळ्याजणींसमोर आपण पारड्यात बसणार, वह्या संपणार, आणि आपलं पारडं जमिनीवरून हलणार नाही. जाड म्हणून कोणी हसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मुली हसणार होत्या ते खोटारडी म्हणून.

दोन दिवसांनी त्यांनी धीर करून दर्शनाला उलट फोन लावला.

"अगं, ते वजनाचं म्हणत होते मी..."

"बाई, टेन्शन घेऊ नका! वह्या आलेल्यापण. अडुसष्टच्या हिशोबानं घेतल्यात, वर एक किलो सेफ्टीला."

"बरं," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

आता सगळी भिस्त रिपोर्टवर. बाईंनी मनात भाषणही तयार केलं. पारडं हललं नाही तर उभं राहून सांगायचं, की मुलींनो, ही माझी चूक नाही, ही आनुवंशिकता, आणि हा घ्या पुरावा. रिपोर्ट आल्याचं कळताच त्या रिक्षा करून ठाण्याला पोचल्या.

"बाई, तुमचं बरोबर होतं," उर्वी म्हणाली, "वजन वाढवणारा जो बदल आम्ही शोधत होतो तो तुमच्यात आहे. दोन्ही प्रती. एक आईकडून, एक वडिलांकडून."

"म्हणजे वाटाण्याच्या भाषेत शुद्ध!" बाई खुर्चीत ताठ झाल्या. "मी काय सांगत होते? आणि पाळी गेल्यावर?"

"पाळी गेल्यावर शरीराचा सगळा बंदोबस्तच बदलतो. चरबी पोटाकडे सरकते. तेही आहेच."

"मग झालं तर! लिहून दे मला. या जीनमुळे किती वजन वाढतं ते लिही."

उर्वी जरा घुटमळली. "तीन-एक किलो, बाई."

"किती?"

"तीन. तेही सरासरी. तुमच्या एकटीचं छातीठोक सांगता नाही येत. असे छोटे छोटे बदल पुष्कळ असतात, मी त्यातला हा एक मोजला."

"आणि बाकीचं?"

उर्वीची नजर टेबलावर गेली. या खेपेलाही बाईंनी फरसाणाचा डबा आणला होता आणि वाट बघता बघता त्यातलं पाव त्यांनीच संपवलं होतं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

मग त्यांना दुसरीच शंका आली. "अगं, पण माझे आईवडील काडीसारखे होते. त्यांच्यात असेल का हा बदल?"

"असणारच. दोघांकडेही निदान एकेक प्रत होतीच, त्याशिवाय तुमच्यात दोन आल्या नसत्या."

"मग त्यांच्या अंगावर कधी..."

वाक्य बाईंनी अर्धंच सोडलं. त्याचं उत्तर त्याच दर वर्षी दहावीला फळ्यावर लिहायच्या, की गुण नुसते असून भागत नाही, ते दिसायला तशी परिस्थिती लागते. दादा कल्याणच्या दाणाबाजारात गोणी वाहायचे. पाठीवर ज्वारी, तांदूळ, तूर, आणि घरात दाण्याला महाग. आई संध्याकाळी बाजाराची झाडलोट करायची आणि सांडलेले दाणे पदरात बांधून आणायची. ते पाखडून, खडे काढून जी भाकरी व्हायची तिच्यातली मोठी चतकोर शिकणाऱ्या सुमतीला. त्या दोघांच्या अंगात वजन साठवायची सोय होती. साठवायलाच काही आलं नाही. परतीच्या रिक्षात बाई हमसून हमसून रडल्या. रिक्षावाल्याला वाटलं, डॉक्टरनं काहीतरी वाईट सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं रेडिओ बंद केला.

समारंभाला तीन आठवडे उरले होते. बाईंनी वडापाव सोडला, भात सोडला, गोड सोडलं. एका रात्री तर जेवणच सोडलं आणि पहाटे उठून साखर-चपाती खाल्ली. गोधडी काढून फरशीवर वजन केलं तेव्हा काटा चौऱ्याऐंशीवर आला होता, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी मैत्रिणींनी प्रेमानं घातलेल्या जेवणानं तो मूळ जागी परत गेला.

पटांगणात मांडव घातला होता. लाकडाच्या वखारीतून भला मोठा तराजू आणला होता, लोखंडी तिकाटण्यावर टांगलेला, साखळ्यांना दोन लाकडी पारडी. वह्यांच्या पारड्यात मखमली कापड अंथरून त्याच्यावर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. जुन्या मुली लेकीसुनांना घेऊन आलेल्या. पहिल्या रांगेत उर्वी. 'जय भीम'चे, नमस्काराचे, पाया पडण्याचे कार्यक्रम झाले आणि निळ्या काठाची पांढरी साडी सावरत बाई पारड्यात बसल्या. पारडं जमिनीला टेकलं ते टेकलंच.

वह्यांचे गठ्ठे चढू लागले. एकेक जुनी विद्यार्थिनी यायची, गठ्ठा ठेवायची, हात जोडायची. समोरचा ढिगारा संपत आला तशी बाईंनी डोळे मिटून घेतले. आता फक्त हसू ऐकू येणार होतं.

पारडं हललं. बाई अधांतरी झाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी डोळे उघडले. दांडी सरळ, दोन्ही पारडी समोरासमोर. अगदी क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्यांना वाटलं की आपलं वजन उतरलं! मेथीचं पाणी लागू पडलं! पण तीस वर्षांची शास्त्राची सवय अशी सुटत नाही. पंच्याऐंशी किलोची बाई एकोणसत्तर किलोंच्या वह्यांनी उचलली जात नाही, हे सहावीतल्या मुलीला कळतं. त्यांनी समोरच्या पारड्याकडे निरखून पाहिलं. गठ्ठ्यांच्या कडेला मखमलीखाली काहीतरी गोल गोल वर आलं होतं. मग त्यांनी दर्शनाकडे पाहिलं. दर्शना भलतीकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाईंनी हजार वेळा पाहिलं होतं. थर्मामीटर न बघता शंभर लिहिणारीचा चेहरा तसा होतो.

"दर्शना, त्या कापडाची कड उचल."

"बाई, आधी फोटो काढू या ना..."

"कापड उचल."

कापडाखाली गोळाफेकीचे चार लोखंडी गोळे होते. शाळेचं नाव रंगवलेले.

"कोणी ठेवले हे?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळ्या माना दर्शनाकडे वळल्या. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती पुढे येऊन बाईंना ऐकू जाईल एवढंच पुटपुटली, "बाई, तुम्ही अडुसष्ट सांगितलेलं. पण आम्हाला दिसत होतं ना हो. सगळ्यांसमोर तुमचं काही होऊ नये म्हणून..."

आता बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. दर्शनाला दोन शब्द सुनावले असते तरी खपून गेलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती, बाईंच्या शिस्तीचं कौतुक झालं असतं, आणि अडुसष्टला कुणी हात लावला नसता. असा सोपा रस्ता बाईंच्या आयुष्यात फार वेळा आला नव्हता. त्यांनी समोरच्या रडवेल्या पोरीकडे पाहिलं आणि माइक मागितला.

"दर्शनानं शंभर लिहिलं," त्या पारड्यातूनच म्हणाल्या, "कारण तिला शंभर सांगितलं होतं. सांगणारी मी. माझं वजन पंच्याऐंशी आहे. उर्वीकडे नोंद आहे. काढा ते गोळे."

गोळे काढले आणि बाई धप्पकन खाली आल्या. मांडव हसला. बाई खूप वेळ हसल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. मागून कुठल्याशा पिकल्या केसांच्या मुलीनं ओरडून म्हटलं, "बाई, वही व्हरांड्यात!" आणि पुन्हा हशा झाला. शाळेसमोर कांताचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, तीही बाईंचीच विद्यार्थिनी. ती मुकाट्यानं उठली आणि चौघींच्या हातांवर गठ्ठे देऊन परत आली. या वेळी पारडं सावकाश, कुरकुरत, खरोखर वर आलं.

भाषणाची वेळ झाली. ठरवलेलं आनुवंशिकतेचं भाषण बाईंनी केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "यातल्या तीन किलोंच्या वह्या बाजूला काढा. त्यांच्यावर सीताराम आणि शकू अशी नावं घाला. तेवढं वजन मला आई-दादांनी दिलंय. त्यांना ते स्वतःच्या अंगावर कधी चढवता आलं नाही. बाकीचं सगळं माझं मी मिळवलेलं आहे."

मांडव पांगल्यावर दर्शना शाळेच्या खिचडीच्या खोलीतला काटा घेऊन आली आणि फरशीवर ठेवून वह्या मोजायला बसली. बाई शेजारी खुर्चीवर. बराच वेळ एक वही ठेवायची, एक काढायची असं चाललं.

"बाई, बरोबर तीन होतच नाहीयेत. एक वही काढली की कमी भरतात, ठेवली की जास्त. काय करू?"

बाईंनी काट्याकडे पाहिलं. मग शेजारच्या गठ्ठ्यातून आणखी दोन वह्या उचलून त्यांनी त्या ढिगावर ठेवल्या आणि हातानं नीट बसवल्या.

"असू देत जास्त," त्या म्हणाल्या, "आणि तीनच लिही."